वज्रसेनाला दिलेला मुका मार

वसमत,
जयंती होऊन गेल्यावरचा दुसरा रविवार

आदरणीय भीमराजदादा यांना धाकटा मामेभाऊ रत्नपालचा सविनय जय भीम.

आम्ही इकडे सगळे सुखरूप आहोत. तुम्ही, वहिनी आणि दोन्ही लेकरं तिकडे रत्नागिरीत सुखरूप असाल अशी आशा करतो. (आशाच करावी लागते, कारण फोनवर खुशाली विचारली की तुम्ही नुसता अंगठा पाठवता. मागे आईला ताप आल्याचं कळवलं तेव्हाही अंगठाच आला होता. तो ताप उतरावा म्हणून होता की ताप आवडला म्हणून, यावर आमच्या घरी बरीच चर्चा झाली.) म्हणून शेवटी पत्र लिहायला घेतलं. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीपलीकडच्या बाईंनी आधी माझ्याकडे, मग माझ्या लंगडण्याकडे पाहिलं आणि कोर्टाचं काम आहे का म्हणून विचारलं. भावाला पत्र लिहायचंय म्हटल्यावर त्यांनी इतक्या हळव्या चेहऱ्याने पाकीट दिलं की आपलं शेताच्या बांधाचं भांडण मिटत आलंय, असाच त्यांचा समज झाला असावा.

आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. हळदीचा हंगाम ऐन भरात आहे. गावात शिरायच्या आधीच वास येतो, आणि पांढरा शर्ट धुऊन दोरीवर टाकला की संध्याकाळी तो हळद लागलेल्या नवरदेवाचा होऊन घरात येतो. माझी हट्ट्याची शाळा बरी चालू आहे, सौ. संध्याचं आरोग्यसेविकेचं काम बरं चालू आहे. माझी तब्येतही चांगली आहे, फक्त उजवी मांडी सोडून. मांडीचं पुढे ओघाने येईलच. आधी वज्रसेनाचं सांगतो, कारण पत्र त्याच्यासाठी आहे.

वज्रसेन म्हटल्यावर तिकडे बँकेतल्या खुर्चीत तुम्ही दचकून आजूबाजूला पाहिलं असेल. पाहू नका. तुम्ही साहेब व्हायच्या आधी वज्रसेन होतात हे आम्ही कोणाला सांगणार नाही. पण दादा, तुम्हाला ते दिवस आठवतात का? नांदेडच्या होस्टेलवरून तुम्ही दिवाळीच्या सुटीला आलात आणि बॅगेतून कपड्यांऐवजी झेरॉक्सचा गठ्ठा काढलात. इंग्रजीतला खेळ. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक वीर व्हायचं, आपला वीर काय करतो ते बोलायचं, आणि ते त्याला जमलं की नाही ते फाशाने ठरवायचं. ना पट, ना सोंगट्या, सगळा खेळ तोंडावर. आत्याला वाटलं होतं की अभ्यासाच्या नोट्स आहेत, म्हणून तिने त्या गठ्ठ्याला प्लॅस्टिकची पिशवी घातली होती. तो गठ्ठा झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही पुन्हा झेरॉक्स होता, आणि पानापानावर मधली अक्षरं उडालेली होती. जिथे अक्षर उडालं होतं तिथे तुम्ही बेधडक स्वतःचा नियम घातलात. आम्हाला काय ठाऊक! आम्ही वर्षानुवर्षं ते सगळं परदेशातून आलंय असं समजून पाळलं. (परवा संध्याने फोनवर खरं पुस्तक शोधून काढलं. त्यात आपले निम्मे नियम नाहीत. आपल्या भिडू भुजंगाला सांगितलं तर म्हणाला, पुस्तकवाल्याने गाळले असतील.)

फासे लुडोचे. टेबल म्हणून तुमचा कॅरम, कारण तेवढी सपाट जागा आत्याच्या घरी दुसरी नव्हती. मग फासा टाकला की तो हमखास घरंगळत कॅरमच्या कोपऱ्यातल्या जाळीत. भुजंग तो काढताना बोटाने उलटा करतो असा तुमचा संशय होता (माझाही होता, पण मला कोणी विचारलं नाही), म्हणून तुम्ही नियम घातलात की जाळीत पडलेला फासा ज्याच्या वीराच्या जिवावर बेतलंय त्यानेच वाकून बघायचा, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आणि ज्याचा वीर मेला त्याचा, वीराची माहिती लिहिलेला कागद फाडायचा, तो वीर पुन्हा उठवायचा नाही, आणि ज्याचा मेला त्याने सगळ्यांना भजी खाऊ घालायची. भुजंग तर शत्रू दिसला की मोजत बसायचा नाही, सरळ आत शिरायचा. त्याच्या मरणावर आपण चौघांनी जी भजी खाल्ली तिची चव मला अजून आठवते.

तुमचा वज्रसेन मात्र एकदाही मेला नाही. त्याचं श्रेय तुम्ही तुमच्या डोक्याला देत होतात, पण खरं श्रेय आत्याचं होतं. ती तिथेच भिंतीला टेकून सुपात तूर निवडत बसायची. खेळातलं तिला काडीचं कळत नव्हतं, पण वज्रसेन हा आपल्या पोराचा कोणीतरी आहे एवढं तिने धरलं होतं. ऐन लढाईत तिचा आवाज यायचा, "आरं, त्यो वज्रसेन सकाळधरनं लढून राहिला, जेवला का त्यो?" तुम्ही चिडून जेवला म्हणायचात. मग ती काय जेवला ते विचारायची. शेवटी धर्मसिंगने, आपल्या गोष्ट सांगणाऱ्याने, नियमच केला की वज्रसेन काय जेवला ते सांगितल्याशिवाय त्याने तलवार उपसायची नाही. त्यामुळे लढाईला उशीर व्हायचा, शत्रू कंटाळून निघून जायचे आणि वज्रसेन वाचायचा. दादा, इतकं हसलेला मी मला नंतर कधी आठवत नाही.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही बँकेत लागलात, आधी भंडारा, मग रत्नागिरी. आत्या गेली. घर भाड्याने दिलं आणि कॅरम आमच्याकडे आला. तेव्हापासून तुम्ही वसमतला आला नाहीत. (हे मी टोचून लिहीत नाही. फक्त लिहितो.) खेळही बंद पडला. धर्मसिंगचा फोटो स्टुडिओ हल्ली पासपोर्ट फोटोंवर चालतो, बाकीचे फोटो लोक स्वतःच काढतात, त्यामुळे गोष्टी रचायला त्याला पुष्कळ वेळ आहे. संक्रांतीच्या सुमाराला तो घरी आला, पाणी प्याला आणि म्हणाला, कॅरम काढ. भुजंगाला फोन केला तर तो शिरड शहापूरहून मेंढरं भावाच्या हवाली करून तासाभरात हजर. आमच्या पलंगावर कॅरम मांडला. तिघे तीन बाजूंना बसलो आणि चौथी बाजू रिकामी राहिली. संध्याला तिथे बस म्हटलं तर म्हणाली, ती दादांची जागा आहे, मी आत्यांच्या जागेवर बसते. आणि खरंच भिंतीला टेकून बसली. 

मग धर्मसिंगने गोष्ट सुरू केली. काळ्या पुलापलीकडून दरोडेखोर येतात, गावं लुटतात, त्यांचा एक सरदार आहे, तोंडाला फडकं बांधतो, कोणाशी बोलत नाही. आम्ही खुशीत होतो. भुजंगाच्या वीराने, म्हणजे दांडगोबाने, कुऱ्हाडीला धार लावली. माझा ज्वालादत्त मांत्रिक आहे हे तुम्हाला आठवत असेल, त्याने आगीचे मंत्र घोकले. संध्याने चिमणी नावाची नवी तिरंदाज केली. दोन रविवार पाठलाग करून सरदाराला गाठलं, चिमणीने बाण मारून तोंडावरचं फडकं उडवलं, आणि धर्मसिंगने चहाचा कप खाली ठेवून सांगितलं की फडक्याखाली वज्रसेन आहे. विस्मरणाच्या विहिरीचं पाणी प्यालाय. कोणाला ओळखत नाही. आपल्यालाही नाही.

दादा, भुजंग जागेवरून उठला. "आरं धर्मसिंग, तुला दुसरं कोणी भेटलं न्हाई का? भीमराजभाऊला काहून दरोडेखोर केलास?" धर्मसिंग शांतपणे म्हणाला की ज्याची जागा रिकामी असते त्याचं गोष्टीत काय होईल ते सांगणाऱ्याच्या हातात असतं, आणि विहिरीच्या पाण्यावर उतारा आहे, पण वज्रसेनाला जिवंत धरून आणला तर. मेला तर कागद फाडायचा. नियम तुमचाच. तो कागद त्याने इतकी वर्षं स्टुडिओत निगेटिव्हच्या डब्यात जपून ठेवला होता. तुमचं ते किरटं अक्षर, कोपऱ्यात आत्याच्या चहाचा गोल डाग. तो फाडायची कल्पनासुद्धा कोणाला करवेना. तेव्हाच ठरलं, काही होवो, वज्रसेन मरता कामा नये.

इथून आमच्या फजितीला सुरुवात झाली. आम्ही आयुष्यभर मारायलाच शिकलो होतो. न मारता पाडायचं कसं हे कोणालाच येत नव्हतं. तेव्हा तुमच्या गठ्ठ्यातलं ते पान शोधलं, ज्याला तुम्ही मुका मार असं नाव दिलं होतं (तुम्ही तेव्हा सायकलवरून पडला होतात आणि आत्या शेजारणीला तेच सांगत होती, म्हणून). मुका मार वीराच्या जिवाच्या ठिपक्यांतून वजा करायचा नाही, वेगळा मांडायचा. तो साठत साठत जिवाइतका झाला की माणूस बेशुद्ध. इथपर्यंत सोपं आहे. खाली मात्र अक्षर उडालंय आणि तिथे तुमच्या हाताने लिहिलंय की मुका मार फाजील झाला तर तो मुका राहत नाही. म्हणजे कमी मारला तर तो पळणार, जास्त मारला तर मरणार. हे लिहिताना तुम्हाला ठाऊक नव्हतं की पुढे तुमच्याच वीराची मान त्यात अडकणार आहे.

आता जास्तीत जास्त मुका मार कसा द्यायचा यावर आमचं जेवढं डोकं चाललं तेवढं दहावीच्या भूमितीला चाललं असतं तर मी आज हट्ट्याला नसतो. कुऱ्हाडीची चपटी बाजू मारली तर नेम बिघडतो असा नियम निघाला, म्हणून भुजंगाने काळजावर दगड ठेवून पातं काढलं आणि नुसता दांडा घेतला. त्याला चिंध्या गुंडाळल्या. (ती कुऱ्हाड मिळवताना त्याचे तीन वीर मेले होते. तीन वेळची भजी.) संध्याने बाणांची टोकं काढून कापसाच्या गाठी बांधल्या. असे बाण उडत नाहीत, असं धर्मसिंग म्हणाला. संध्या म्हणाली, दाखव कुठे लिहिलंय. नव्हतं लिहिलेलं. उरलो मी. ज्वालादत्ताकडे आग सोडून काही नाही, आणि आगीने मुका मार बसत नाही हे मलाही मान्य करावं लागलं. तेव्हा या वयात ज्वालादत्ताने मंत्र गुंडाळून ठेवले आणि चालायची काठी दोन्ही हातांत धरली. भुजंगाला आणखी हळदीने अर्धं भरलेलं पोतं हत्यार म्हणून हवं होतं. त्या मुलखात हळद पिकते का असं धर्मसिंगने विचारलं, त्यावर भुजंग म्हणाला, "वसमतला बसून गोष्ट सांगून राहिलास अन् हळद न्हाई म्हणतोस व्हय?" पोतं मंजूर झालं.

राहिली घोंगडी. भुजंगाचं म्हणणं, अंगावर घोंगडी टाकली की कोणीही जागच्या जागी गप्प उभा राहतो, मग दोन्ही बाजूंनी बिनधास्त बडवा. धर्मसिंगला पुरावा हवा होता. तेव्हा एका शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी शिरड शहापूरला गेलो. भुजंगाकडे एक एडका आहे, त्याचं नाव लिहीत नाही, कारण ते भुजंगाने आपल्या गावातल्या एका मोठ्या माणसावरून ठेवलंय. भुजंगाने मागून घोंगडी टाकली आणि दादा, एडका खरोखर पुतळ्यासारखा उभा राहिला. भुजंगाची छाती फुगली. मी म्हटलं, आता मारायला कोणत्या बाजूने जावं ते बघू, आणि चिंध्या गुंडाळलेली काठी घेऊन (मारायला नाही, नुसतं अंतर मापायला) वाकलो. पुढचं मी पाहिलं नाही. घोंगडी माझ्याकडे आली एवढं दिसलं. मी शेणाच्या ढिगाशेजारी बसलेला होतो आणि एडका घोंगडी पांघरून पुन्हा शांत उभा होता. भुजंगाची आई चंद्रभागाबाई आधी पदर तोंडाला लावून हसल्या, मग पाणी आणून म्हणाल्या, "आवं मास्तर, तुमी शिकलेले मान्सं, एडक्याला काहून छेडून राहिलेत?" मी वज्रसेनाचं सांगू लागलो, पण मांडी ठणकत असताना ते सांगून होण्यासारखं नव्हतं.

घरी संध्याने मांडी पाहिली, हाड शाबूत असल्याचं सांगितलं आणि मुका मार आहे असं जाहीर केलं. मी म्हटलं, हे तू आरोग्यसेविका म्हणून सांगतेस की चिमणी म्हणून? तिने आईला आंबेहळद काढायला सांगितली. आई आंबेहळद उगाळून लेप लावत होती. लावता लावता तिने सगळं काढून घेतलं, एडका कोणाचा, घोंगडी कशाला, कोणाला पाडायचंय. वज्रसेनाचं नाव आलं तशी तिचा हात थांबला. "माझ्या नणंदबाईचा वज्रसेन? त्याला मारून राहिलेत तुमी?" मी सांगितलं की मारत नाही, वाचवण्यासाठीच मारतोय. तिला ते पटलं नाही. म्हणाली, नणंदबाई शेवटी दवाखान्यात असतानासुद्धा एकदा विचारत होत्या की पोरं अजून खेळतात का आणि तो जेवतो का. दादा, हे मला माहीत नव्हतं. तुम्हालाही नसेल. लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितो.

धर्मसिंगने पुरावा मान्य केला, पण आपल्या पद्धतीने. घोंगडी टाकली की समोरचा गप्प उभा राहतो हे खरं, पण जवळ जाईल त्याला आंधळा फटका फुकट मिळतो, असा नवा नियम त्याने माझ्या मांडीवरून केला. माझ्या दुखण्याचा असा आमच्याविरुद्धच उपयोग झाला.

गेल्या रविवारी पुलावर लढाई झाली. (जयंतीला तुम्ही याल म्हणून आम्ही ती जयंतीच्या पुढे ढकलली होती. मिरवणुकीत मी दर एसटीकडे बघत होतो. ते जाऊ द्या.) धर्मसिंग वज्रसेनासाठी फासे टाकत होता, आणि प्रत्येक वेळी तो फासा शर्टाला पुसून "बराबर" म्हणून टाकायचा. अगदी तुमच्यासारखा. तिसऱ्यांदा त्याने तसं केलं तेव्हा भुजंग म्हणाला, "तसं करू नको यार, हात उचलत न्हाई." पण धर्मसिंगने ऐकलं नाही. घोंगडी नीट पडली. दांडगोबाने हळदीचं पोतं घातलं, दणकून लागलं. आंधळा फटका ठरल्याप्रमाणे ज्वालादत्तालाच बसला आणि तो माझ्याइतकाच लंगडू लागला. चिमणीचे कापसाचे बाण लागत होते, पण एकेक ठिपक्याचे. मुका मार साठत होता आणि वज्रसेन हटत नव्हता. इतक्या वर्षांत आपण त्याला किती तगडा करून ठेवलाय हे त्याच्याविरुद्ध लढल्याशिवाय कळत नाही. दांडगोबा पडला. वज्रसेनाने घोंगडी फेकली, तलवार उचलली आणि चिमणीकडे वळला.

संध्याची पाळी होती. आम्ही ओरडत होतो, बाण मार, बाण मार. तिने धनुष्य खाली ठेवलं. म्हणाली, चिमणी झोळीतून भाकरी आणि ठेचा काढते आणि वज्रसेनाला विचारते, जेवलास का.

धर्मसिंगने डोळ्यावरचा चष्मा काढला. बराच वेळ तो पुसत बसला. मग म्हणाला, विस्मरणाच्या पाण्याने सगळं जातं, पण हे गेलेलं नाही. वज्रसेन थांबतो. तलवार खाली येते. फक्त एक पाळी. त्या एका पाळीत काय करायचं ते करा.

पाळी माझी होती. धर्मसिंगने हिशेब करून सांगितला. एकच फासा. एक पडला तर कमी पडेल, वज्रसेन पूल ओलांडून निघून जाईल आणि पुन्हा कुठल्याच गोष्टीत दिसणार नाही. सहा पडला तर फाजील, म्हणजे मेला. मधलं काहीही पडलं तर नुसता बेशुद्ध, म्हणजे आपला. ज्वालादत्ताने काठी उचलली. मी फासा टाकला. तो कॅरमच्या कडेला आपटला, वळला, आणि कोपऱ्यातल्या जाळीत गेला. तुमच्या बाजूच्या.

भुजंग वाकला तसा धर्मसिंगने त्याचा हात धरला. नियम तुम्हाला ठाऊकच आहे. ज्याच्या वीराच्या जिवावर बेतलंय त्यानेच बघायचा. आम्ही चौघे तसेच बसून राहिलो. मग कॅरम न हलवता एकेक जण पलंगावरून उतरलो. तेव्हापासून कॅरम पलंगावर आहे, फासा जाळीत आहे, वज्रसेन पुलावर काठी पडायची वाट बघत उभा आहे आणि घरी आलेले पाहुणे खाली सतरंजीवर बसतात. भुजंग रोज फोन करून कोणी बघितलं का विचारतो. मीही बघितलेलं नाही. जाळीकडे पाठ करून जेवतो.

हे सगळं तुम्हाला नुसतं कळावं म्हणून लिहिलं. तुम्ही कामाचे माणूस, बँकेत रजेची किती ओढाताण असते ते मी समजू शकतो, येण्याचा अजिबात आग्रह नाही. वहिनींना जय भीम, लेकरांना गोड पापा. धर्मसिंग आणि भुजंग आठवण सांगतात. संध्याचा नमस्कार. माझ्या मांडीची काळजी करू नये.

तुमचा,
रत्नपाल
(ज्वालादत्त, निवृत्त मांत्रिक)

ता. क. : आग्रह नाही असं वर लिहिलंय ते खोडावं. बुद्धपौर्णिमेला या. नांदेडपर्यंत गाडी आहे, तिथून एसटी, आणि स्टँडवर मी उभा राहतो. काजू आणू नका, आंबे आणू नका, काहीच आणू नका. नुसते या आणि जाळीत बघा. आम्हाला तुमची फार आठवण येते दादा. खेळ हे निमित्त आहे.

दुसरा ता. क. : पाकीट चिकटवायला घेतलं आणि एक भलतंच झालं. पलंगाखाली झाडायला म्हणून आईने कॅरम उचलून भिंतीला उभा केला. फासा जाळीतून निसटला, फरशीवर घरंगळत गेला आणि कपाटाखाली शिरला. तिने केरसुणीने बाहेर ओढला. मी ओरडतच गेलो, जाळीत असताना किती होता म्हणून विचारलं, तर म्हणाली, "ठिपके होते. म्या काय मोजत बसले?" आता वज्रसेन पळाला, पडला की मेला, हे जगात कोणालाच माहीत नाही. अशा वेळी काय करायचं ते मी तुमच्या गठ्ठ्यात पान न पान शोधलं. नेमकं तिथलं अक्षर उडालंय. आणि उडालेल्या अक्षराच्या जागी नियम घालायचं काम तुमचं आहे. (धर्मसिंगला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.)

तिसरा ता. क. : हा आईच्या सांगण्यावरून, तिच्याच शब्दांत लिहितो. "फासा माझ्या पदराच्या गाठीत हाय, कोणाला देत न्हाई. त्याला म्हणावं, वज्रसेन उपाशी उभा हाय. तू ये, तुझ्या हातानं टाक. अन् यायच्या आधी मला सांग, जेवायला काय करू."